७.०५० वरचे सकाळचे नेट आणि एफटी४: चाळीस मीटरची जागा वाटून कशी घ्यावी?

डायपोल_सातारा

नमस्कार मंडळी. आमच्या भागातील आठ-दहा हॅम (परवानाधारक हौशी रेडिओचालक) रोज सकाळी सात वाजता चाळीस मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, एकत्र येतात; या रोजच्या रेडिओ-भेटीला आम्ही नेट म्हणतो. डायल ७.०५० मेगाहर्ट्झवर, लोअर साइडबँड (डायलच्या आकड्याच्या खालच्या बाजूला आवाज पाठवण्याची पद्धत), आणि नेट कंट्रोलची, म्हणजे नेट चालवण्याची, जबाबदारी बहुतेक दिवशी माझ्याकडे असते. हवापाणी, अँटेनाच्या दुरुस्त्या, कोणाच्या रिगची (रेडिओ संचाची) तक्रार, नवीन परवानाधारकांची ओळख असे साधे स्वरूप आहे. गेल्या काही महिन्यांत या वारंवारतेवर शिट्ट्यांसारखे, साडेसात सेकंदांच्या ठेक्यात चालू-बंद होणारे अनेक स्वर एकाच वेळी ऐकू येऊ लागले आहेत. ते एफटी४ या डिजिटल पद्धतीचे आहेत, एवढे मला समजले आहे.

गेल्या रविवारी आमच्यातील एका सदस्याने चिडून लिनिअर अँप्लिफायर (प्रसारणाची शक्ती वाढवणारे यंत्र) चालू केला आणि "आता बघू कोण टिकतो" असे म्हणत सलग पाच मिनिटे बोलत राहिले. मी नेट तिथेच थांबवले. त्यांचे वागणे मला पटले नाही, पण त्यांना द्यायला माझ्यापाशी नीट उत्तरही नव्हते. आम्ही इथे अनेक वर्षे आहोत, म्हणून ही जागा आमची म्हणावी का? की डिजिटलवाल्यांसाठी ती राखून ठेवलेली आहे? आवाज, मोर्स आणि डिजिटल यांनी एवढ्याशा बँडमध्ये एकत्र कसे नांदावे, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

धबधबा_पुणे

काका, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझा बहुतेक वेळ डिजिटल पद्धतींवरच जातो, त्यामुळे प्रथम त्या बाजूचे गणित मांडतो.

रिगच्या डायलवर दिसणारा आकडा म्हणजे आपण व्यापलेली जागा नव्हे, हा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. लोअर साइडबँडमध्ये डायल ७.०५० वर असताना आवाजाची ऊर्जा त्या आकड्याच्या खाली, साधारण ३०० ते २७०० हर्ट्झ अंतरावर पसरते. म्हणजे तुमचे नेट प्रत्यक्षात ७.०४७३ ते ७.०४९७ एवढी जागा घेते. डब्ल्यूएसजेटी-एक्स या डिजिटल पद्धतींच्या संगणक-प्रणालीत चाळीस मीटरसाठी एफटी४ चा ठरलेला आकडा ७.०४७५ आहे आणि ती पद्धत अप्पर साइडबँड वापरते, त्यामुळे तिचे सगळे स्वर त्या आकड्याच्या वर, अंदाजे ७.०५०५ पर्यंत पसरलेले असतात. डायलवरील आकड्यांत अडीच किलोहर्ट्झचा फरक दिसतो, म्हणून दोन्ही बाजूंना आपण शेजारी आहोत असे वाटते. प्रत्यक्षात दोघे एकाच खोलीत आहेत.

दोघांनाही एकमेकांचा त्रास वेगवेगळ्या प्रकारे होतो, हेही सांगावेसे वाटते. तुम्हाला शिट्ट्या ऐकू येतात. एखादी शिट्टी असेल तर नॉच फिल्टर (एखादाच स्वर गाळणारी सोय) ती काढून टाकतो, पण वीस शिट्ट्यांपुढे त्याचा उपाय चालत नाही. आमच्याकडे मात्र बहुतेक जण स्पीकरचा आवाज बंद ठेवून संगणकाच्या पडद्यावरील वॉटरफॉल (सिग्नल दाखवणारा सरकता आलेख) पाहत असतात. त्यावर तुमचे बोलणे एका पसरट धुरकट डागासारखे दिसते. जवळच्या जोरदार स्टेशनमुळे रिसीव्हरचे स्वयंचलित गेन नियंत्रण (संवेदनशीलता आपोआप कमी-जास्त करणारी सोय) खाली दबते आणि त्या क्षणी दूरचे क्षीण संदेश उलगडेनासे होतात. तिथे माणसे बोलत आहेत, हे आमच्यातील पुष्कळांना कळतही नाही.

निवृत्त_तारयंत्री

धबधबा, उत्तम समजावलेस. त्याला थोडा इतिहास जोडतो, कारण जागेची टंचाई कुठून आली हे कळल्याशिवाय "आमची जागा" या शब्दांचा अर्थ लागत नाही.

मी परवाना घेतला तेव्हा आपल्याकडे चाळीस मीटर म्हणजे ७.००० ते ७.१००, एवढेच होते. शंभर किलोहर्ट्झमध्ये सगळा देश आणि शेजारचे देश. त्याच्या वर लघुलहरींवरील प्रसारण केंद्रे इतक्या ताकदीने वाजत की रात्री तिकडे फिरकण्यात अर्थ नसे. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने (रेडिओसाठी जगाचे तीन विभाग मानतात) पहिल्या आणि तिसऱ्या विभागातील प्रसारण केंद्रांना ७.१०० ते ७.२०० मधून हलवण्याचा निर्णय घेतला आणि २९ मार्च २००९ पासून तो अमलात आला. म्हणजे आपली जागा दुप्पट झाली. भारत तिसऱ्या विभागात येतो. अमेरिकेच्या दुसऱ्या विभागात तर ही मर्यादा ७.३०० पर्यंत आहे.

मला सांगायचे ते असे, की जागा दुप्पट झाली तरी जुनी माणसे जुन्याच शंभर किलोहर्ट्झमध्ये दाटीने बसून राहिली. आपल्या डायपोलची (तारेच्या अँटेनाची) लांबी, सवय, मित्रांचे ठिकाण, सगळे खालच्या भागाला बांधलेले होते. आजही सकाळी ७.१०० च्या वर फिरून पाहा, खाली गर्दी असताना वर पुष्कळ मोकळी जागा सापडते. डिजिटलवर राग काढण्यापूर्वी आपण आपल्या वाट्याला आलेली नवी जागा वापरली का, हा प्रश्न आवाजवाल्यांनी स्वतःला विचारायला हवा. मी स्वतः आवाज आणि मोर्स दोन्ही करतो, म्हणून हे हक्काने म्हणतो.

आणखी एक. पद्धतींमधला हा वाद नवा नाही. एके काळी अँप्लिट्यूड मॉड्युलेशनवाले सुमारे सहा किलोहर्ट्झ जागा घेत. सिंगल साइडबँड (आज आपण आवाजासाठी वापरतो ती पद्धत) आले तेव्हा त्याच्या बदकासारख्या आवाजाबद्दल तक्रारी झाल्या, जसे आज शिट्ट्यांबद्दल बोलले जाते. पण नव्या पद्धतीत तेच संभाषण निम्म्याहून कमी जागेत बसत होते, म्हणून ती टिकली.

कोकणकडा

मला हे मान्य नाही. मोर्सला दीडदोनशे हर्ट्झ पुरतात, त्याबद्दल आदरच आहे. पण एफटी८ (एफटी४ सारखीच दुसरी डिजिटल पद्धत) आणि एफटी४ मध्ये होते काय? कॉलसाइन (स्टेशनचे ओळखनाव), स्थानाची जाळी-खूण (नकाशावरील चौकोनाचा संकेत), सिग्नलचा अहवाल आणि निरोप. संगणक संगणकाशी बोलतो. सकाळच्या नेटवर आमच्यातील एक वृद्ध सदस्य एकटे राहतात आणि ते एक दिवस आले नाहीत तर आम्ही फोन करून चौकशी करतो. या दोन गोष्टींना समान वजन कसे देता येईल? ज्या संपर्कात माणूस माणसाशी बोलतो, त्याला आधी जागा मिळायला हवी.

धबधबा_पुणे

कोकणकडा दादा, तुमच्या नेटवरील त्या काकांबद्दल वाचून मला खरोखर बरे वाटले. तरीही उपयोगाची तुलना करताना दुसरी बाजूही पाहावी, अशी विनंती करतो.

एफटी८ ही पद्धत २०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी तयार केली. टेलर म्हणजे जोड-पल्सारच्या शोधासाठी १९९३ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले शास्त्रज्ञ. अवकाशातून येणारे अतिक्षीण सिग्नल गोंगाटातून वेगळे करण्यात त्यांचे आयुष्य गेले. एफटी८ चा एक सिग्नल सुमारे ५० हर्ट्झ जागा घेतो आणि पंधरा सेकंदांच्या पाळीने चालतो, म्हणून एका आवाजी संभाषणाच्या जागेत कितीतरी जोड्या एकाच वेळी काम करतात, त्यातही सम आणि विषम पाळ्यांमध्ये विभागून. एफटी४ चा सिग्नल ८० हर्ट्झपेक्षा थोडा रुंद असतो. मी वसतिगृहात राहतो. गच्चीवर मोठी अँटेना लावायची परवानगी नाही. खिडकीतून सोडलेल्या तारेवर, पाच वॅटमध्ये मी जपान आणि इटली केले आहेत (तिथल्या स्टेशनांशी संपर्क साधला आहे), जे माझ्या आवाजाने कधीच झाले नसते. माझ्यासारख्या अनेक विद्यार्थ्यांचा या छंदातील प्रवेश याच दाराने झाला आहे, त्यामुळे त्याला केवळ संगणकांची बडबड म्हणू नये.

डिट_डाह_रत्नागिरी

मी फक्त मोर्स करते, म्हणून दोन्ही पक्षांच्या मध्ये बसून थोडे लिहिते.

मोर्समध्ये सीक्यू (सर्वांना हाक) देण्यापूर्वी आम्ही "क्यूआरएल?" (वारंवारता वापरात आहे का?) असे विचारतो आणि थांबतो. उत्तर आले नाही तर पुन्हा विचारतो. यामागे केवळ शिष्टाचार नसून आयनोस्फिअरचे (रेडिओलहरी जमिनीकडे परत वळवणाऱ्या वरच्या वातावरणाचे) वागणे आहे. चाळीस मीटरवर पहाटे आणि सकाळी लवकर स्किप (वर गेलेली लहर पुन्हा जमिनीवर उतरते ते अंतर) लांब असतो, त्यामुळे रत्नागिरीहून मला जर्मनीतील स्टेशन स्पष्ट ऐकू येते आणि साताऱ्यातील स्टेशन अजिबात येत नाही. समजा ते जर्मन स्टेशन साताऱ्याशी बोलत आहे आणि या क्षणी साताऱ्याची पाळी आहे. मी वारंवारता ऐकली तर मला ती पूर्ण रिकामी वाटेल. मी विचारल्यावर मात्र जर्मन स्टेशन "वापरात आहे" असे सांगू शकेल. म्हणून ऐकणे पुरेसे नसते, विचारावेही लागते, आणि उत्तर देता येईल एवढी शांतता ठेवावी लागते.

आताच्या भांडणाचे मूळ मला इथे दिसते. आवाजवाल्याने विचारले की "ही वारंवारता वापरात आहे का?", तर एफटी४ वाला ते ऐकत नाही, कारण त्याचा स्पीकर बंद आहे. एफटी४ वाल्याने उत्तर द्यायचे ठरवले तरी त्याच्या मुक्त संदेशात तेरा अक्षरांपेक्षा जास्त बसत नाहीत, आणि ती वाचायला आवाजवाल्याकडे संगणक जोडलेला नाही. पूर्वी आवाजवाल्यांतील पुष्कळांना मोर्स येत असे, त्यामुळे दोन पद्धतींच्या सीमेवर कोणीतरी दुभाषा सापडत असे. आता तो दुवा तुटला आहे. ज्या दोन पद्धती एकमेकींना विचारू शकत नाहीत, त्यांना एकाच जागी सोडून "समजुतीने घ्या" असे म्हणण्यात अर्थ नाही. त्यांना आधीपासूनच वेगळे बसवावे लागते, आणि बँड प्लॅन (बँडमध्ये कोणी कुठे बसायचे याची योजना) त्यासाठीच असतो.

अटलांटिक_पल्याड

न्यू जर्सीहून लिहीत आहे, मूळ कोल्हापूरचा. डिट_डाह ताईंनी बँड प्लॅनचा उल्लेख केला, त्यावर इथली परिस्थिती सांगतो, कारण तुमच्याकडच्या गोंधळाचे एक कारण इथे आहे.

अमेरिकेत चाळीस मीटरवर आवाजाला ७.१२५ च्या खाली सर्वसाधारणपणे परवानगीच नाही. हा कायदा आहे, संकेत नव्हे. त्यामुळे ७.०४७५ किंवा एफटी८ चा ७.०७४ हे आकडे इथल्या माणसाला अगदी निरुपद्रवी वाटतात: मोर्सच्या मुख्य गर्दीपासून वर आणि आवाजापासून खूप खाली. हेच आकडे प्रणालीत पूर्वनिश्चित म्हणून बसवले गेले आणि जगभर पसरले. युरोप आणि आशियात मात्र ७.०५० ते ७.१०० हा आवाजाचा जुना, नेहमीचा भाग आहे. वापरणारा माणूस यादीतून "४० मीटर" निवडतो, डायल आपोआप त्या आकड्यावर जाते, आणि त्याच्या देशात तिथे कोणाची वहिवाट आहे हा प्रश्न त्याच्यासमोर येतच नाही.

नियमनाची दिशा आता पद्धतीच्या नावावरून रुंदीकडे वळत आहे. २०२३ च्या अखेरीस इथल्या नियामकाने हौशी लघुलहरींवरील डेटासाठीची जुनी ३०० बॉडची (सिग्नल बदलण्याच्या वेगाची) मर्यादा काढून त्याऐवजी २.८ किलोहर्ट्झ रुंदीची मर्यादा घातली. हॅमच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे आय.ए.आर.यू.च्या, योजनाही २००, ५०० आणि २७०० हर्ट्झ अशा कमाल रुंदींनी बँडचे भाग पाडतात. हे मला योग्य वाटते, पण एक उणीव राहते. रुंदीचा नियम २७०० हर्ट्झच्या भागात आवाज आणि दाटीवाटीचे एफटी४ दोन्हींना एकत्र बसू देतो, आणि ताईंनी सांगितलेली न विचारता येण्याची अडचण तशीच उरते.

उपग्रहमार्ग

वाटणीचे एक उत्तम उदाहरण आपल्याच देशातले आहे. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ सोबत हॅमसॅट हा हौशी उपग्रह सोडला. त्याचा लिनिअर ट्रान्सपाँडर (आलेले सिग्नल दुसऱ्या वारंवारतेवर परत खाली पाठवणारे यंत्र) सुमारे ६० किलोहर्ट्झचा होता: वर जाताना ४३५ मेगाहर्ट्झ, खाली येताना १४५. त्या साठ किलोहर्ट्झमध्ये संकेत असा की खालच्या टोकाला मोर्स, वरच्या टोकाला आवाज आणि मधे दोघे. डोक्यावरून एक फेरी जायला फार तर पंधरा मिनिटे, त्यामुळे भांडायला वेळच नसे.

तिथे शिकलेली गोष्ट म्हणजे, जागेइतकीच शक्तीही वाटून घ्यावी लागते. ट्रान्सपाँडरची एकूण शक्ती ठरलेली असते. एकाने गरजेपेक्षा जास्त वॅट टाकले की बाकी सगळ्यांचे सिग्नल खाली जातात, मग ते कितीही दूरच्या वारंवारतेवर असोत. आता भूस्थिर कक्षेतील क्यूओ-१०० उपग्रहावर तर बीकनपेक्षा (उपग्रहाच्या स्वतःच्या खुणेच्या सिग्नलपेक्षा) जोरदार सिग्नल देणाऱ्याच्या डोक्यावर भोंग्यासारखा इशारा वाजवणारी यंत्रणा बसवली आहे. भारतातून तो ऐकता येतो, जरूर ऐकून पाहा. डायपोल_सातारा यांच्या नेटवरील त्या सदस्यांना हे अवश्य सांगा. लघुलहरींवर भोंगा वाजत नाही, पण लिनिअर चालू केल्यावर शेजारच्या बोलण्यावर होणारा परिणाम तसाच असतो.

निवृत्त_तारयंत्री

जागेखेरीज आणि शक्तीखेरीज तिसरी वाटणी वेळेची आहे, आणि डायपोल_सातारा यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला त्यातच दिसते.

सकाळी सात ही वेळ मुळात जिल्ह्याच्या नेटसाठी गैरसोयीची आहे. सूर्योदयाच्या सुमारास आयनोस्फिअरची घनता दिवसातील नीचांकाजवळ असते, त्यामुळे सरळ वर गेलेले ७ मेगाहर्ट्झचे सिग्नल परत न येता निघून जातात आणि साताऱ्याला कऱ्हाड ऐकू येत नाही. त्याच वेळी युरोपात रात्र असल्यामुळे तिकडची एफटी४ स्टेशने मात्र जोरात येतात. म्हणजे तुमची माणसे सगळ्यात क्षीण आणि त्यांची सगळ्यात तगडी, अशी वेळ तुम्ही निवडली आहे. सव्वाआठ-साडेआठपर्यंत ऊन वर आले की जवळचा संपर्क सुधारतो आणि आयनोस्फिअरच्या सर्वांत खालच्या डी थरातील शोषणामुळे लांबचे सिग्नल उतरू लागतात. सव्वा तासाने नेट पुढे ढकलले तर काहीही न भांडता निम्मा त्रास जाईल.

डायपोल_सातारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढे काही एका धाग्यात मिळेल असे वाटले नव्हते. तारयंत्री काका, सकाळी सातला जवळची स्टेशने विरतात हे आम्ही रोज अनुभवत होतो आणि त्याचा दोष अँटेनांना देत होतो.

काल सदस्यांशी बोललो. वेळ सव्वाआठ करायला निवृत्त मंडळींची हरकत नाही; नोकरीवाले दोघे रविवारीच येतील. वारंवारतेबद्दल माझ्या मनात प्रथम ७.११० होते, पण नंतर लक्षात आले की आपल्या विभागात तो आपत्कालीन संपर्काचा केंद्रबिंदू मानला जातो. २००१ च्या जानेवारीत भुजला आणि २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात हॅम मंडळींनी काय काम केले हे आपण सगळे जाणतो. तिथे रोजच्या गप्पांचे बिऱ्हाड मांडणे योग्य नाही. म्हणून ७.१३५ लोअर साइडबँडवर दोन आठवडे प्रयोग करावा, असे ठरत आहे.

एका सदस्याची शंका आहे की त्यांचा डायपोल ७.०५० साठी कापलेला असल्यामुळे वर चालणार नाही.

धबधबा_पुणे

त्यांना सांगा, काळजी करू नये. अर्धलहरी डायपोलची लांबी मीटरमध्ये काढायला १४३ ला मेगाहर्ट्झने भागतात. ७.०५० साठी सुमारे २०.२८ मीटर येते आणि ७.१३५ साठी २०.०४. फरक चोवीस सेंटिमीटरचा, म्हणजे प्रत्येक बाजूला एक वीत कापण्याचीही गरज नाही; बारा सेंटिमीटर तार मागे दुमडली तरी काम होईल. न दुमडताही एसडब्ल्यूआर (अँटेना रिगशी किती जुळते याचे माप) फार बिघडणार नाही.

माझ्या बाजूने मी एक करतो. महाविद्यालयाच्या क्लबमध्ये आम्ही सहा-सात जण डिजिटल करतो. प्रसारण सुरू करण्यापूर्वी एक मिनिट स्पीकर चालू करून कानाने ऐकायचे आणि आवाज आढळला तर तो थांबेपर्यंत दुसऱ्या बँडवर जायचे, असे आम्ही ठरवले आहे. तीस मीटर, म्हणजे १०.१०० ते १०.१५०, तिथे संकेताने आवाज नसतोच आणि (ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त संपर्क करण्याच्या) स्पर्धाही होत नाहीत. आमच्या पद्धतींना ती जागा फार मानवते.

कोकणकडा

डिट_डाह ताईंचा मुद्दा वाचून मी थोडा नरमलो आहे. माणसांच्या बोलण्याला आधी जागा मिळावी हे माझे मत कायम आहे, पण समोरच्याला आपण ऐकूच येत नसू तर त्याच्यावर ओरडून उपयोग नाही, हे पटले. मी ७.१३५ वर येतो. फक्त स्पर्धेच्या शनिवार-रविवारी काय करायचे तेही ठरवा. ऑक्टोबरच्या अखेरच्या मोठ्या आवाजी स्पर्धेत चाळीस मीटरवर सुई टोचायला जागा नसते.

डायपोल_सातारा

दोन आठवडे झाले, म्हणून प्रत्यक्ष अनुभव लिहितो.

पहिल्या दिवशी ठीक सव्वाआठला ७.१३५ वर तीनदा विचारले, प्रत्येक वेळी पंधरा सेकंद थांबलो. उत्तर आले नाही, नेट सुरू केले. नऊ स्टेशने आली आणि पूर्वी रिलेशिवाय (मधल्या स्टेशनने निरोप पुढे पोहोचवल्याशिवाय) न पोहोचणारी दोन स्टेशने थेट ऐकू आली. पाचव्या दिवशी विचारल्यावर तमिळनाडूतील दोन सद्गृहस्थांनी वारंवारता वापरात असल्याचे सांगितले. आम्ही त्यांचे आभार मानून तीन किलोहर्ट्झ वर, ७.१३८ ला गेलो. आता तीच आमची पर्यायी जागा म्हणून नोंदवली आहे आणि दोन्ही व्यापलेल्या असल्या तर ७.१४१. स्पर्धेच्या दोन दिवसांत नेट दोन मीटरच्या रिपीटरवर (सिग्नल पुन्हा प्रसारित करणाऱ्या स्थानिक केंद्रावर) होईल. ज्यांच्याकडे तो पोहोचत नाही त्यांना फोनने हजेरी विचारू.

लिनिअरवाल्या सदस्यांना उपग्रहमार्ग यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी काल शंभर वॅटवर नेट केले आणि सिग्नलचा अहवाल सगळ्यांकडून पाच-नऊ (अगदी स्पष्ट आणि जोरदार) मिळाला. आज त्यांनी विचारले की पन्नासवर काय होते ते उद्या पाहू या का. उद्या सव्वाआठला ते पाहणार आहोत.